मीटर मोठ्यानं वाचा

"हरला तं काय करशीन, थे आंधी सांग," कैलाशनं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता विचारलं.

"मी हरतच नाई."

"अबे पन, समज हरलाच."

"तं तू म्हनशीन थे करीन," भय्याजी म्हणाला.

झालं. कैलाशच्या पानठेल्यासमोर उभं राहून असं बोलणं म्हणजे आपल्याच हातानं कुऱ्हाड आणायची, तिला धार लावायची आणि मग तिच्यावर पाय ठेवायचा. ठेल्यावरची सगळी तोंडं चावायची थांबली. कैलाशनं खर्ऱ्याची पुडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि डोळे मिटून असा काही विचार केला, की जणू मुलीचं लग्न ठरवतोय.

"तं आयक. बाजाराच्या दिवशी, भर बाजारात, भांड्यायच्या दुकानापासून थेट बैलबाजारापर्यंत उलट्या पायानं चालाचं. गाडी रिव्हर्स येते तशी. आन् थे रिव्हर्सचं गानं अस्ते ना, टींटीं टींटीं? थे तोंडानं वाजवाचं. मागं वळून पाहाचं नाई."

"आन् तू हरला तं?"

"तं मी वाजवीन टींटीं. हाये कबूल?"

"कबूल."

सानगडीच्या चौकात सकाळी साडेनऊला ही शर्त लागली आणि दहाच्या आत ती शाळेपर्यंत पोचली. शर्तीचा विषय साधा होता. भय्याजीच्या गाडीचं मीटर खरं की खोटं?

आता कैलाश कोण, ते सांगायला हवं. हा माणूस नारळ घेताना हलवून बघायचा आणि फोडल्यावर दोन्ही वाट्या पुन्हा हलवून बघायचा. दूधवाल्याचं माप, वायरमनची शिडी, पाहुण्याची भूक, कशावरच त्याचा भरवसा नव्हता. त्याच्या लग्नाचा फोटो घरात टांगलेला आहे. त्यात नवरी त्याच्याकडे बघतेय आणि तो फोटोग्राफरकडे.

आणि भय्याजी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. बावन्न वर्षांचा, अंगानं काटकुळा, नऊ सीटांच्या गाडीचा मालक आणि डायवर दोन्ही. लाखांदूरचं तहसील, साकोलीचा दवाखाना, भंडाऱ्याची कोर्टाची तारीख, बपेऱ्याचं सासर, जिथं म्हणाल तिथं गाडी जायची. भाडं किलोमीटरवर. आणि त्याची एक रीत होती. गाडीत बसणाऱ्यानं निघताना मीटरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि पोचल्यावर पुन्हा वाचायचा. त्याशिवाय गाडी हलत नसे. नवरी सासरी निघालीय, आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतेय, तरी भय्याजी स्टेअरिंगवरून मान वळवून म्हणणार, "बाई, आंधी आकडा वाच, मंग रड." आणि ती बिचारी हुंदके देत वाचणार, "अडुसष्ट हजार... नऊशे... बारा..."

लोक हसायचे. पण ही रीत कुठून आली, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं. तरुणपणी भय्याजी एका राईस मिलच्या जीपवर होता. एक दिवस मालकानं त्याला सांगितलं, तू मीटरची तार काढून खाजगी फेऱ्या मारतोस, उद्यापासून येऊ नको. काढलीस का, असं विचारलंसुद्धा नाही. भय्याजी संध्याकाळी सानगडीला पोचला, पण बातमी दुपारच्या एसटीनं आधीच येऊन बसली होती. त्याला बावीस वर्षं झाली. तोंडावर कोणी कधी काही बोललं नाही. पण मागच्या सीटवर बसलेला माणूस पुढं वाकून मीटरकडे बघायचा, तेव्हा भय्याजीला मानेवर ती नजर लागायची. म्हणून त्यानं ठरवलं, चोरून कायले पाहता? वाचा ना मोठ्यानं.

बाकी त्याच्याजवळ काय होतं? शेत अडीच एकर, धान पिकलं तर पिकलं. लेक पुण्याला. उरलं ते मीटर.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर गुंजन आली.

गुंजन नागपूरची, इंजिनीअर, पंचवीस-सव्वीस वर्षांची, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग. गाडीत तो रस्ता दाखवणारा पडदा असतो ना, ज्यातली बाई सांगते की आता डावीकडे वळा, तो पडदा बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. हायवेवर तिचा पडदा शहाण्यासारखा वागायचा. पण आमच्याकडे आला की त्याला झपाटायचं. गाडी तलावाच्या पाळीवरून जात असायची आणि पडद्यावरचा ठिपका तलावात पोहत असायचा. गाडी जंगलातून बाहेर पडलेली असायची, ठिपका अजून आत मोहाखाली उभा. ही जागा चुकते ती का, आणि दुरुस्त कशी करायची, हे शोधायला तिला पाठवलं होतं. त्यासाठी तिला एक गाडी हवी होती, जी असल्याच रस्त्यांवरून रोज फिरते. साकोलीत कोणीतरी भय्याजीचं नाव सांगितलं.

तिनं सीटखाली एक काळा डबा बसवला, टपावर पुरीएवढी चकती चिकटवली आणि एक वायर चाकाचे फेरे मोजणाऱ्या तारेला जोडली.

"काका, वर आभाळ मोकळं असलं की डबा उपग्रहांना विचारतो, मी कुठं आहे," ती समजावून सांगू लागली. "पण दाट झाडी आली की उपग्रह दिसत नाहीत. मग तो चाकाचे फेरे मोजून अंदाज करतो."

"म्हंजे डोळे बांधून पावलं मोजत चालावं, तसं."

"अगदी तसं!"

भय्याजीला ती पोरगी आवडली. त्यानं तिला गाडीत बसवलं आणि म्हणाला, "आकडा वाच."

कैलाशनं हे सगळं ठेल्यावरून पाहिलं होतं. डबा खरे किलोमीटर मोजतो असं त्याच्या कानावर आलं, आणि त्याला गुदगुल्या झाल्या. "बावीस साल झाले, आमी तुह्या मीटरवर भरोसा ठेवून राहिलो. आता वरून उपग्रह सांगंन ना बापा, किती खरं हाय थे." तिथून शर्त. बाजाराच्या दिवसापर्यंत जेवढ्या फेऱ्या होतील, त्याचे डब्याचे किलोमीटर आणि मीटरचे किलोमीटर समोरासमोर ठेवायचे. पाचपेक्षा जास्त फरक निघाला तर भय्याजी हरला.

पण शर्त राहिली बाजूला, गावाला वेगळंच खूळ चढलं. डबा कायचा हाय?

पहिल्या दिवशी म्हणाले, जमिनी मोजतात, रस्ता येणार. दुसऱ्या दिवशी म्हणाले, डबा तहसीलचा आहे, चोरीच्या रेतीचे टिप्पर कुठून निघतात ते वर जातंय. भय्याजीला रोज हात दाखवणारे टिप्परवाले आता समोरून येताना थेट आभाळात बघू लागले. हेमराज गुरुजी लाखांदूरला जायला बसले, त्यांनी आकडा वाचला, मग खांद्यावरचा दुपट्टा काढून सीटखालच्या डब्यावर नीट घडी घालून टाकला आणि मगच भावाच्या जमिनीबद्दल बोलायला तोंड उघडलं.

"गुरुजी, त्याले कान नाई," भय्याजी म्हणाला.

"कान दिसत नाईत," गुरुजी म्हणाले. "एवढंच मी म्हणेन."

ठेल्यावर भय्याजी आला की बोलणं पावसावर यायचं. दोन भाडी तुटली. एकानं सरळ सांगितलं, "डबा काढ, मंग येतो."

घरी तर मजाच झाली. गुंजन रोज चारच्या सुमाराला लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसायची. भय्याजीची बायको चंद्रकांता तिला चहा द्यायची आणि पोरगी नेमकं काय बघते, यावर डोळा ठेवायची. दुसऱ्या दिवशी गुंजन सहज म्हणाली, "काका, दिघोरीजवळ दोन्ही दिवस गाडी वीस मिनिटं एकाच जागी उभी असते. तिथं सिग्नल अडकतो का?"

भय्याजीनं पटकन चहाची बशी तोंडाला लावली. तिथं जिलेबीचं दुकान होतं. आणि त्याला शुगर होती.

"दाखव बरं बाई, कोठी?" चंद्रकांता पडद्यावर वाकली. बराच वेळ तिनं तो ठिपका न्याहाळला. मग नवऱ्याकडे वळली. "अवो, मले सांगत होते ना, कारल्याचा रस पेऊन राहिलो म्हनून? कारलं दिघोरीले भेटते का?"

त्या दिवसापासून चंद्रकांता एकटीच गावात म्हणू लागली, की डबा एकदम खरा आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र गुंजन चहाला हात न लावता बसली. लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"वाटेतल्या त्या पाच किलोमीटरच्या जंगलात... तुम्ही वायर काढता का मधे?"

चंद्रकांताच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हणजे, प्रत्येक वेळी झाडीतून बाहेर पडलं की ठिपका दोनशे मीटर मागं असतो," गुंजन घाईघाईनं बोलू लागली. "उपग्रह दिसले की उडी मारून पुढं येतो. डबा ठीक आहे, मी तपासला. वायर ठीक आहे. मग मधे चाकाचे फेरे कमी कसे मोजले जातात? कोणी थोडा वेळ वायर काढली, तरच असं होईल. शर्त लागलीय असं ऐकलं मी, म्हणून..."

भय्याजी उठला, गाडीपाशी गेला, आणि उगाच काच पुसत बसला. स्वच्छ काच. बावीस वर्षांनी तीच तार, तोच संशय. फक्त या वेळी विचारणारी पोरगी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, म्हणून त्याला रागही धड काढता येईना.

मग त्याचंही डोकं फिरलं. मी नाही काढत, तर काढतं कोण? कैलाश! शर्त जिंकायला तो काय नाही करणार? भय्याजीनं वायरच्या जोडावर भाताची शितं चिकटवली. कोणी हात लावला तर शितं तुटतील. दिवसभरात चार वेळा उतरून त्यानं शितं तपासली. शितं जशीच्या तशी. मुंग्या तेवढ्या लागल्या.

तिकडे कैलाशच्या डोक्यात वेगळंच. त्याला वाटलं, भय्याजीनं पोरीला फोडली. चहा रोज पितेय, ते काय उगाच? दोघं मिळून मीटर खरं काढतील आणि मला बाजारात टींटीं करायला लावतील. पाचव्या दिवशी सकाळी तो ठेला बंद करून, दार उघडून, पुढच्या सीटवर येऊन बसला.

"मी बी येतो. पाहू दे मले माह्या डोळ्यानं."

"ये," भय्याजी म्हणाला. "आकडा वाच."

मागं गुंजन, मांडीवर लॅपटॉप. पुढं कैलाश, एक डोळा मीटरवर, एक भय्याजीच्या हातांवर. भय्याजीचे कान दोघांवर. गाडीत तीन माणसं आणि चार संशय, चौथा डब्यावर.

झाडी लागली. साग, ऐन, मोह, वरून फांद्या एकमेकांत अडकलेल्या. गुंजन म्हणाली, "गेले उपग्रह." तिघांच्या माना लॅपटॉपकडे. ठिपका आपला मुकाट चालला होता. भय्याजीनं दोन्ही हात स्टेअरिंगवर असे वर धरले होते, की जणू पोलिसानं धरलाय. पायसुद्धा दिसावेत म्हणून पायजमा वर ओढून घेतला होता. झाडी संपली, नाल्याचा पूल आला, आभाळ उघडलं.

"आपन पुलावर," कैलाश म्हणाला. "आन् हे म्हनते का आपन अजून झाडात."

"दोनशे मीटर," गुंजन म्हणाली. ठिपक्यानं टुणकन उडी मारली आणि पुलावर आला.

"पाह्यलं?" भय्याजी म्हणाला. "लावला मीनं हात? सांग ना बे, लावला?"

कैलाशनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरला, खर्ऱ्याची चिमूट तोंडात टाकली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"मॅडम, काल किती मागं होतं?"

"दोनशे. एकशे अठ्ठ्याण्णव, नीट सांगायचं तर."

"परवा?"

"तेवढंच."

"येताना बी?"

"येताना पण."

"तं मंग हे चोराचं काम नोय," कैलाश म्हणाला. आयुष्यभर लोकांवर संशय घेण्यात जे काही शिकला होता, ते सगळं त्याच्या तोंडावर एकदम जमा झालं. "चोर रोज सारखं चोरत नाई, मॅडम. आज दाव साधला तं जास्त, उद्या कोनी पाह्यलं तं कमी. हे रोज सारखंच येऊन राहिलं. दूधवाल्यानं पानी टाकलं तं रोज वेगळं येते. पन त्याचं मापच लहान असलं ना, तं रोज तेवढंच कमी येते. तुमचं कोनतं तरी माप चुकून राहिलं."

गुंजन त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच चाकाकडे वळली.

"काका, हे टायर कधी बदलले?"

"चार साल झाले." भय्याजीच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "एक नंबर मोठे टाकले. त्या पावसाळ्यात पार्वताबाईच्या सुनेले दवाखान्यात नेत होतो, पाळीवरच्या चिखलात गाडीचं पोट टेकलं. पोरीले बाजेवर टाकून न्या लागलं दोन किलोमीटर. मंग मीनं म्हटलं, गाडी उंच पाह्यजे. इकडं सारेच टाकते मोठे टायर."

"कोणाकडे चुना आहे?"

चुना कैलाशच्या खिशात नसेल तर कोणाच्या? त्यानं बोटानं टायरवर एक रेघ ओढली, तिच्या खाली रस्त्यावर दुसरी. दोघांनी ढकलून गाडी एक पूर्ण फेरा पुढं नेली. टायरवरची रेघ पुन्हा खाली आली, तिथं तिसरी खूण. गुंजननं टेप लावला. डब्यात कंपनीचं माप घातलेलं होतं, एका फेऱ्याला दोनशे एकवीस सेंटीमीटर. रस्त्यावर निघाले दोनशे तीस.

नऊ सेंटीमीटर. वीतभरसुद्धा नाही.

"म्हणजे डबा पावलं बरोबर मोजत होता, पण त्याला तुमचं पाऊल लहान वाटत होतं!" गुंजन रस्त्यातच उड्या मारू लागली. "ऑफिसात कोणाच्या डोक्यात आलं नाही हे. आमच्या सगळ्या गाड्यांना कंपनीचेच टायर. आता डब्यालाच शिकवायचं, की मोकळ्या रस्त्यावर उपग्रहाकडून चाकाचा घेर शिकून घे, आणि मग झाडीत जा. प्रत्येक गाडीचा वेगळा! काका, मी तुमच्यावर उगाच... चुकलं माझं."

"तू विचारलं तरी, बाई," भय्याजी म्हणाला. "मिलवाल्यानं विचारलंबी नव्हतं."

पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो टायरकडे बघत होता. डायवर माणूस, त्याला पुढचं कळायला वेळ लागला नाही. जी तार डब्याला जोडलीय, तीच मीटरला जाते.

"मंग मीटर बी कमीच दाखवते," तो म्हणाला.

कैलाशची चावायची क्रिया थांबली. "किती कमी?"

"शंभरात चार," गुंजन म्हणाली.

कैलाशनं मनातल्या मनात हिशेब केला. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला भंडाऱ्याला मारलेल्या फेऱ्या, साडूचं लग्न, बैलबाजार. मग आणखी एकदा केला, कारण पहिल्यांदा निघालेल्या उत्तरावर त्याचा विश्वास बसेना. कोणीतरी त्याच्याकडून कमी घेतलं होतं. असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं.

"अबे, मंग तं लोकायचा फायदाच झाला!" तो हसायला लागला. "चार साल फुकट हिंडवलं सायच्या, आमाले! आन् मी तुह्यावर... टायर बदलवू नको बापा आता, सांगून ठेवतो!"

भय्याजी हसला नाही.

"चार साल मीनं लोकायले खोटा आकडा वाचाले लावला," तो म्हणाला. "मोठ्यानं."

परतीच्या वाटेवर त्यानं कोणालाच आकडा वाचायला सांगितला नाही. गुंजननं वाट पाहिली. कैलाशनंही पाहिली. गाडी तशीच निघाली. दिघोरीला जिलेबीच्या दुकानासमोरून सरळ पुढं गेली.

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता गुंजननं कागद वाचला. डबा चारशे बारा. मीटर तीनशे शहाण्णव. सोळाचा फरक.

तोवर अख्ख्या सानगडीला गोष्ट कळली होती आणि गोष्टीची बाजू पालटली होती. रेतीवाले नाही, तहसील नाही, जमिनी नाहीत. भय्याजीचं मीटर चार वर्षं कमी दाखवत होतं, एवढंच. हेमराज गुरुजी दुपट्टा न घेता आले. लोक येऊन पाठीवर थाप मारत होते. कैलाश तर सकाळपासून सगळ्यांना सांगत सुटला होता, की शर्त मस्करीत लागली होती, शर्तीत मस्करी चालते, मी सोडली.

भय्याजी आला तो लग्नाला निघाल्यासारखा. चंद्रकांतानं इस्त्रीचा पांढरा सदरा काढून दिला होता. "जाता कायले?" एवढंच तिनं विचारलं होतं, आणि मग सदऱ्याचं वरचं बटन तिनंच लावलं.

"कायले करतं बे?" कैलाश त्याच्या कानात पुटपुटला. "कोनी म्हनत नाई तुले. हे पाय, सारे तुह्याकडूनच हायेत."

"शर्त काय होती? पाचाच्या वर फरक. किती निघाला?"

"सोळा. पन..."

"मंग हरलो ना मी."

आणि भांड्यांच्या दुकानासमोर तो बाजाराकडे पाठ करून उभा राहिला. छाती सरळ, हात बाजूला. एक पाऊल मागं टाकलं.

"टीं टीं," तो म्हणाला.

हसायला म्हणून जमलेले लोक हसले. दुसऱ्या पावलाला थोडे कमी. भय्याजी काही विदूषकासारखा करत नव्हता. गाडी रिव्हर्स घेताना जसा घ्यायचा, तसाच सावकाश, अंदाजानं, एकेक पाऊल. फक्त आज आरसा नव्हता.

"टीं टीं. टीं टीं."

"थोडं उजवीकडं घ्या, भय्याजी," मिरच्या विकणारी निर्मलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "माहा ढीग हाये."

त्यानं उजवीकडे घेतलं.

"आता सरळ," पलीकडून कोणीतरी.

"येऊ द्या, येऊ द्या."

"खड्डा हाये काकाजी, लांब पाय टाका."

त्यानं लांब पाय टाकला. त्याच्या समोरून बाजार मागं मागं सरकत होता, आणि ज्यांना ज्यांना तो ओलांडत होता ती सगळी तोंडं आता त्याच्याकडे बघत होती. ही सगळी तोंडं कधी ना कधी त्याच्या गाडीत बसली होती. कोणी हसत नव्हतं. कैलाश चार हात अंतर ठेवून त्याच्यासमोर चालत होता, कारण जिंकणाऱ्यानं नजर ठेवायची असते. त्याच्या तोंडात खर्रा नव्हता.

"टीं टीं."

"थांब!" कैलाश एकदम ओरडला. "मागं गाय हाय."

भय्याजीचा पाय हवेत होता. ओरडला होता तो कैलाश. गेल्या वीस वर्षांत या माणसानं गावातल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा असंच ओरडून फसवलं होतं. नसलेला साप दाखवला होता, नसलेला साहेब बोलावला होता. भय्याजीला तर विहिरीत म्हैस पडली म्हणून भर जेवणातून उठवलं होतं.

भय्याजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मान वळवली नाही. उचललेला पाय होता तिथंच खाली ठेवला.

पाठीवर, इस्त्रीच्या सदऱ्यातून, त्याला एक ओला, गरम श्वास लागला.

"कोनत्या बाजूनं घेऊ?" त्यानं कैलाशला विचारलं.

"डाव्या," कैलाश म्हणाला. "तुह्या डाव्या हातानं. येऊ दे... येऊ दे... मी हावो ना समोर."